पाटीवर ‘वड’, कुंडीत नांद्रुक: पानांवरून बोनसायची खरी ओळख कशी पटवायची

नर्सरीतून आणलेल्या बोनसायच्या कुंडीत बहुतेक वेळा एक प्लॅस्टिकची पट्टी खोचलेली असते. तिच्यावर मार्करने ‘वड’, ‘जेड’, ‘चायनीज एल्म’, ‘जुनिपर’ असं काहीतरी लिहिलेलं असतं, आणि नवा माणूस ती पट्टी खरी धरून पाणी, ऊन, छाटणी सगळं ठरवतो. रोपं दुसऱ्या गावाहून टेम्पोने येतात, वाटेत पट्ट्या पडतात, उतरवणारा हाताला येईल त्या कुंडीत त्या परत खोचतो. कधी गिऱ्हाइकाला ओळखीचं वाटेल ते नाव लिहिलं जातं. त्यामुळे झाड उत्तम असूनही नाव चुकीचं, हा प्रकार सर्रास आढळतो.

नाव चुकलं की झाडाच्या जिवावर बेततं. नांद्रुकाची (हे वडाच्या गोतावळ्यातलं लहान पानाचं झाड) सगळी पानं काढली तरी तब्येत चांगली असेल तर काही आठवड्यांत नवी पालवी फुटते. जुनिपरच्या, म्हणजे सुया किंवा खवल्यांसारख्या पानांच्या झाडाच्या, फांदीवरचा सगळा हिरवा भाग काढला तर ती फांदी बहुधा गेलीच, कारण उघड्या जुन्या लाकडावर त्याला सहसा नवी फूट येत नाही. मांसल पानांच्या जेडला नांद्रुकाइतकं पाणी घातलं तर मुळं कुजतात. म्हणून घरी आणल्यावर कात्री हातात घेण्याआधी ओळख पटवून घ्यावी. फुलाफळांची वाट बघायची तर वर्ष जाऊ शकतं, कारण सतत छाटलेलं बोनसाय पुष्कळदा फुलतच नाही. पानं मात्र बहुतेक वेळा हजर असतात.

आधी एक फांदी मोकळी सोडा

सगळ्या लेखातली ही गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. वनस्पतींच्या पुस्तकात पानाची जी मापं दिलेली असतात ती मोकळ्या वाढलेल्या झाडाची असतात. उथळ कुंडी, वारंवार छाटणी, मुद्दाम केलेली पानगळ आणि भरपूर ऊन यांमुळे बोनसायचं पान निम्म्याहूनही लहान होऊ शकतं. उलट तेच झाड बंद गॅलरीत सावलीत राहिलं तर पान मोठं, पातळ आणि दोन पानांमधलं अंतर लांबलचक होतं. पुस्तकाशी ताडून पाहायला गेलात तर दोन्हीकडे फसाल.

त्यावर उपाय साधा आहे. झाडाच्या मागच्या बाजूची, घाटाला नको असलेली एक जोमदार फांदी निवडा. तिला रंगीत दोरा बांधा आणि सहा ते आठ आठवडे तिची छाटणी करू नका, तारही लावू नका. जून ते सप्टेंबर हा काळ यासाठी फार सोयीचा, कारण उष्ण प्रदेशातली झाडं पावसाळ्यात सपाटून वाढतात. या फांदीवर येणारी पाचवी-सहावी पानं झाडाचं मूळ रूप बरंच उघड करतात. शेंड्याकडची कोवळी पानं आणि बुंध्याजवळची अगदी जुनी पानं सोडून मधली पूर्ण वाढलेली पानं तपासायला घ्या. एकाच पानावरून निकाल कधीच देऊ नका. निदान पाच-सहा पानं शेजारी शेजारी मांडा.

सामान फारसं लागत नाही. दहापट मोठं दाखवणारं भिंग, मोजपट्टी, ग्राफ पेपर आणि मोबाइलचा टॉर्च एवढं पुरे. पान तोंडात घालून चव बघण्याचा मोह टाळा. अडेनियमचा चीक विषारी असतो. शेराचा चीक डोळ्यात गेला तर गंभीर इजा होते. वास घ्यायला हरकत नाही. नंतर हात साबणाने धुवा.

पहिला प्रश्न: पान नेमकं कोणतं?

हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. चिंचेचं बोनसाय घ्या. आपण ज्याला सहज ‘चिंचेचं पान’ म्हणतो तो छोटा तुकडा म्हणजे पर्णिका. मधल्या काडीसकट साधारण दहा ते वीस जोड्यांचा तो सगळा झुबका मिळून एक पान होतं. हे ओळखायचं डोळ्यावरून. इथे डोळा म्हणजे नवी फूट येण्याची बारीक गाठ, जी पानाच्या देठाच्या वर, फांदीच्या बेचक्यात असते. पर्णिकेच्या बुडाशी असा डोळा कधीच नसतो. भिंगाने बुडाशी बघत बघत मागे जा. जिथे डोळा सापडेल तिथे पान सुरू झालं.

आता शेजारी आवळ्याचं रोप ठेवा. वरून पाहिलं तर तसाच पिसासारखा झुबका, म्हणून नवखा माणूस दोन्हींत सहज गफलत करतो. पण आवळ्याची ती बारीक पानं खरोखरची सुटी पानं आहेत. फुलं येतात तेव्हा ती त्या इवल्या पानांच्या बगलेतच लागतात, चिंचेच्या पर्णिकेच्या बगलेत कधी लागत नाहीत. शिवाय चिंचेच्या पर्णिका समोरासमोर जोडीने असतात आणि संध्याकाळी मिटतात. विलायती चिंच आणखी वेगळी: तिच्या पानाला दोन फाटे, प्रत्येक फाट्यावर दोनच पर्णिका, आणि पानाच्या बुडाशी काट्यांची जोडी. ‘चिंच’ म्हणून विलायती चिंच गळ्यात पडली असेल तर पर्णिका मोजल्यावर लगेच कळतं.

कामिनी, म्हणजे कुंती, हीसुद्धा संयुक्त, म्हणजे अनेक पर्णिकांच्या, पानाची. एका पानात तीन ते नऊ पर्णिका, त्या काडीवर थोड्या मागेपुढे लागलेल्या. एक पर्णिका उजेडाकडे धरली की सुईने टोचल्यासारखे पारदर्शक ठिपके दिसतात. ते सुगंधी तेलाचे कोष. चुरगाळल्यावर लिंबाच्या पानाजवळ जाणारा वास येतो. ‘चायनीज ऑरेंज’ची पट्टी कामिनीला लागली असेल तर वास आणि ठिपके दोघांतही मिळतील, कारण दोघं एकाच कुळातली. फरक असा, की संत्र्याच्या जातीत काडीला एकच पातं दिसतं आणि देठ व पातं जुळतं तिथे एक सांधा असतो.

दुसरा: पानं फांदीवर कशी बसलीत?

पानाचा आकार बदलतो, लांबी बदलते, पण पानं समोरासमोर येतात की एकाआड एक, हा त्या जातीचा स्वभाव असतो आणि छाटणीने तो बदलत नाही. म्हणून मी नेहमी इथूनच झाडांची वाटणी करतो. मोकळ्या फांदीचा मधला भाग बघा. छाटलेल्या आखूड फांद्यांवर पानं इतकी दाटतात की सगळीच समोरासमोर असल्याचा भास होतो.

समोरासमोर: जेड, तगर, मेंदी, डुरांटा, एक्झोरा, ‘वॉटर जास्मिन’ म्हणून मिळणारी राइटिया. डाळिंबही मुख्यतः याच गटातलं, पण आखूड फांद्यांवर त्याच्या पानांचे गुच्छ होतात. एकाआड एक: वड-पिंपळाचा सगळा गोतावळा, चिंच, कामिनी, चिकू, बकुळ, बोगनवेल, कार्मोना, चायनीज एल्म. पट्टीवर ‘एल्म’ लिहिलंय आणि पानं समोरासमोर आहेत, तर पुढचं काही तपासायची गरजच नाही, पट्टी चूक.

तिसरा: चीक आणि कडं

मोकळ्या फांदीवरचं एक पान देठासकट खुडा. दुधासारखा पांढरा चीक आला तर यादी एकदम आखूड होते: वडाचं कूळ, चिकू-बकुळीचं कूळ, तगर-राइटियाचं कूळ आणि शेरासारखी काही झाडं. उन्हाळ्यात पाणी कमी पडलेल्या झाडात चीक थोडाच येतो, म्हणून सकाळी, पाणी घातल्यानंतर बघा.

आता पान जिथून खुडलं तिथे फांदीभोवती भिंगाने पाहा. वडाच्या कुळात शेंड्यावरची कोवळी कळी एका टोकदार टोपीत गुंडाळलेली असते. रबराच्या झाडात ही टोपी लालसर आणि चांगली मोठी असते, म्हणून ती बऱ्याच जणांनी पाहिलेली असते. पान उलगडलं की टोपी गळते आणि तिच्या जागी फांदीला वेढणारं बारीक कडं उरतं. प्रत्येक पेरावर एक कडं. पांढरा चीक, एकाआड एक पान आणि पेरापेरावर पूर्ण कडं, ही तिन्ही एकत्र दिसली तर बोनसायच्या बाजारात तरी ते झाड फायकसच, म्हणजे वड-पिंपळाच्या गोतावळ्यातलंच, समजा. फणसातही हे तिन्ही असतं, पण फणसाचं बोनसाय क्वचितच विकायला येतं. चीक आहे पण कडं नाही आणि पानं शेंड्याकडे दाटलेली आहेत, तर चिकू किंवा बकुळ. चीक आहे आणि पानं समोरासमोर, तर तगर किंवा राइटिया.

फायकस इथवर ठरवता येतं. खरी मेहनत पुढे आहे, कारण महाराष्ट्रातल्या कुंड्यांत सर्वांत जास्त घोळ याच कुळात होतो.

वड, नांद्रुक, बेंजामिना, पिंपळ, पायर

‘वड’ म्हणून विकल्या जाणाऱ्या छोट्या बोनसायपैकी पुष्कळ झाडं नांद्रुकाची असतात. त्यामागे कारण आहे. वडाचं पान मुळातच मोठं, मोकळ्या झाडावर साधारण 10 ते 20 सेंटिमीटर, आणि वीतभर उंचीच्या झाडाला ते शोभेल इतकं लहान करणं कठीण. नांद्रुकाचं पान 4 ते 8 सेंटिमीटरचं, खोड लवकर जाड होतं, पारंब्याही सुटतात, आणि छाटणी त्याला मानवते. विकणाऱ्याच्या दृष्टीने ते ‘छोटा वड’च. वटपौर्णिमेच्या आधी घरात कुंडीतला वड हवा म्हणून लोक विचारत येतात. ज्यांना पूजेसाठी खराच वड हवा आहे त्यांनी तर पान नीट तपासूनच घ्यावं.

ओळखीतल्या एका काकूंनी आणलेलं असंच एक झाड मी पान न् पान बघितलं. पट्टीवर ‘वड, 15 वर्षे’ असं लिहिलेलं होतं. पान लंबगोल, गुळगुळीत, वरून चकचकीत. टोक आखूड आणि बोथट. देठ बारीक, जेमतेम एक सेंटिमीटर. मागची बाजू गालावर फिरवली तर कुठेही लव लागेना. कोवळी पालवी फिकट हिरवी. उजेडाकडे धरल्यावर बुडातून निघालेली शिरांची एक जोडी तिरकी होऊन कडेच्या बाजूने बरीच वर गेलेली दिसली, आणि मधल्या शिरा मोजता येण्याजोग्या, एका बाजूला सहा-सात. एका फांदीवर दोन पानं मध्यशिरेवर घडी घातल्यासारखी मिटलेली होती. ती उघडल्यावर आत काळे, लांबट, मुंगीपेक्षाही बारीक किडे इकडेतिकडे पळाले. हे थ्रिप्स म्हणजे फुलकिडे. त्यांची एक जात मुख्यतः नांद्रुकावर येते आणि तिची सख्खी बहीण बेंजामिनावर, म्हणजे फायकसच्याच दुसऱ्या एका जातीवर. कीड वाईट खरी, पण ओळखीला तिची साक्षही उपयोगी पडली. झाड नांद्रुकाचं होतं. पंधरा वर्षांबद्दल मात्र पानं काहीच सांगू शकत नाहीत. वयाचा आकडा पानावरून ना सिद्ध होतो ना खोडता येतो.

खरा वड असता तर काय दिसलं असतं? देठ जाडजूड, बहुधा बारीक लव असलेला. पातं रुंद, बुडाशी गोल किंवा किंचित खोलगट, हाताला चामड्यासारखं. बुडातूनच तीन ते पाच ठळक शिरा पंज्यासारख्या फाकतात. कोवळी पानं तांबूस आणि मऊ लव असलेली. मागच्या बाजूची लव भिंगाखाली बहुतेक वेळा दिसते. लहान झालेल्या बोनसायच्या पानातही देठाचा जाडपणा, पात्याचा रुंदपणा आणि बुडाच्या शिरा कायम राहतात. ताडून बघायला फार लांब जावं लागत नाही: मुंबईत भायखळ्याच्या वीरमाता जिजाबाई भोसले उद्यानात किंवा पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमध्ये मोठी झाडं आहेत. खाली गळलेलं पान उचलून आणा आणि कुंडीतल्या पानाशेजारी ठेवा.

बेंजामिना नांद्रुकाच्या नावाने किंवा नुसतं ‘फायकस’ म्हणून मिळतो. त्याचं पान पातळ, कडा हलकी नागमोडी आणि टोक बारीक शेपटीसारखं ओढलेलं. फांद्या खाली झुकतात. खात्री शिरांनी होते. टॉर्चवर पान ठेवलं तर बारीक, जवळजवळ, समांतर शिरांची दाट ओळ दिसते आणि त्यातली मुख्य शीर कोणती, मधली कोणती हे सांगणं अवघड जातं. नांद्रुकात तसं होत नाही, मुख्य शिरा सुट्या कळतात. दोन्ही पानं एकत्र ठेवून एकदा टॉर्चवर बघा. तेवढ्याने नजर तयार होते आणि पुढे नुसत्या टोकावरूनही ओळख पटू लागते.

पिंपळाला कुणी चुकत नाही असं वाटतं, पण ‘पिंपळ’ म्हणून त्याचे भाऊबंदही येतात. पिंपळाचं टोक लांब शेपटीचं असतं, देठ बारीक व खूप लांब, पात्याच्या निम्म्याच्याही पुढे जाणारा, म्हणूनच वारा नसतानाही पान सळसळतं. बदामी आकार आहे पण शेपटी आखूड, तर शंका घ्या. पायरीचं पान लांबट, देठ बराच लांब, बूड बदामी नसतं. ती एकदम पानं टाकते आणि मग तांबूस पालवीने भरते. उंबराच्या पानाला वडासारखी चकाकी नसते, पातं टोकाकडे निमुळतं, आणि त्यावर पुष्कळदा फोडासारख्या गाठी असतात. या मंडळींत शंका उरलीच तर चैत्र पालवीपर्यंत थांबा. कोवळ्या पानांचा रंग आणि लव फार काही सांगून जातात, आणि ते थोडेच दिवस टिकतं, तेव्हा फोटो काढून ठेवा.

एक नाव विशेष जपून घ्या: ‘फायकस रेटुसा’. बोनसायच्या बाजारात, भारतात आणि बाहेरही, या नावाने विकलं जाणारं झाड बहुतेक वेळा फायकस मायक्रोकार्पा, म्हणजे आपलं नांद्रुकच असतं. खरा फायकस रेटुसा ही स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने 1767 मध्ये नाव दिलेली वेगळी जात आहे. मायक्रोकार्पाला नाव दिलं ते त्याच्या मुलाने. जुन्या पुस्तकांत दोन्ही नावं एकमेकांत मिसळलेली सापडतात, त्यामुळे पट्टी लिहिणाऱ्याला फार दोष देता येत नाही. ‘पांडा’, ‘लाँग आयलंड’ ही तर व्यापारी नावं. त्यावरून पानाची ठेवण कळते, जात ठरत नाही.

एका झाडावर दोन तऱ्हेची पानं

मुळं गाजरासारखी फुगलेली आणि वर छोटा हिरवा डोक्याचा झुपका असलेलं ‘जिनसेंग बोनसाय’ तुम्ही पाहिलंच असेल. औषधी जिनसेंगशी त्याचा काहीही संबंध नाही. ते नांद्रुकच आहे, मुळांच्या आकारावरून ते नाव पडलंय. यात बऱ्याचदा खालचा खुंट एका वाणाचा आणि वर कलम केलेला पाला दुसऱ्या, बारीक पानाच्या वाणाचा असतो. खुंटातून स्वतःची फूट आली की ती पानं मोठी, पातळ, वेगळ्या ठेवणीची दिसतात आणि लोक गोंधळतात. अशा वेळी खोडावर कलमाची खूण शोधा: साल अचानक बदलते, गाठ असते किंवा कापलेला सपाट भाग दिसतो. ओळखीसाठी वरची आणि खालची पानं वेगळी तपासा आणि दोन्ही लिहून ठेवा. बोगनवेल आणि अडेनियममध्येही कलमं सर्रास असतात, तिथेही हाच नियम.

जेड

आपल्याकडे ‘जेड’ म्हणून जी मांसल, बारीक पानाची झाडं मिळतात ती बहुतेक पोर्टुलकॅरिया अफ्रा, दक्षिण आफ्रिकेतली. खरं जेड म्हणून जगभर ओळखलं जाणारं झाड क्रासुला ओव्हाटा, तेही तिथलंच. दोघांची पानं समोरासमोर आणि रसाळ, पण पोर्टुलकॅरियाचं पान साधारण नखाएवढं, एक-दोन सेंटिमीटर, आणि कोवळी काडी लालसर तपकिरी. क्रासुलाचं पान तीन सेंटिमीटरच्या पुढे, जाड, उन्हात राहिलं तर कडेला लाल रेघ धरणारं, काडी हिरवट-करडी आणि जाड. पक्कं करायचं तर गळलेलं एक पान कोरड्या मातीवर ठेवून द्या. क्रासुला त्या एका पानातून सहज नवं रोप देतं. पोर्टुलकॅरियाच्या सुट्या पानातून रोप होणं विरळा. घरात मांजर किंवा कुत्रा असेल तर हा फरक जरूर करा, कारण क्रासुला त्यांना बाधतं.

एल्म, कार्मोना आणि ‘पाइन’

चायनीज एल्मचं पान लहान, कडेला करवतीचे दाते, आणि बुडाशी दोन्ही अर्धी असमान: देठाजवळ एक बाजू खाली उतरलेली, दुसरी वर. हा तिरपेपणा भिंगाशिवायही कळतो. पानं फांदीच्या दोन बाजूंना चपट्या ओळीत बसतात. एल्मचा नातलग झेल्कोवाही तसाच, पण त्याचं बूड बरंचसं सारखं आणि दाते मोठे, सुटे.

‘एल्म’ किंवा ‘चायनीज टी’ या नावाने कार्मोनाही हाती पडतो. त्याचं पान चमच्यासारखं, बुडाकडे निमुळतं, आणि दाते फक्त शेंड्याला, बहुधा तीन. वरच्या बाजूला भिंगाखाली पांढरे ठिपके दिसतात आणि बोट फिरवलं तर खरखर लागते. नवखे लोक या ठिपक्यांना कीड समजून औषध फवारतात. नखाने खरवडून निघाले नाहीत तर ते पानाचेच आहेत. कार्मोना दक्षिण भारतातही जंगलात वाढतो, थंडी त्याला सोसत नाही. एल्मला मात्र थोडी थंडी चालते, आवडतेही.

‘पाइन बोनसाय’ किंवा ‘जुनिपर’ लिहिलेली सुईच्या पानांची कुंडी घ्या आणि एक हिरवी सुई दोन चिमटींत धरून हलकेच ओढा. पेरावर पटकन तुटली आणि सांध्याशी बारीक दातेरी कडं दिसलं, तर ते सुरू, म्हणजे कोकण किनाऱ्यावर ज्याची बनं आहेत तेच झाड. ती सुई म्हणजे त्याची बारीक हिरवी फांदी. खरी पानं म्हणजे सांध्यावरचे ते इवले दाते. खऱ्या पाइनच्या सुया दोन, तीन किंवा पाचच्या जुडग्यात, बुडाशी कागदी वेष्टनात असतात. जुनिपरची पानं खवल्यासारखी एकमेकांवर चढलेली, किंवा टोचणाऱ्या बारीक सुया, अनेकदा तीन-तीनच्या वेढ्यात. आणि पंख्यासारखी चपटी, उभी, दोन्ही बाजूंनी सारखी दिसणारी डहाळी असेल तर ती मोरपंखी. ही तपासणी छाटणीच्या आधी झालीच पाहिजे. सुरूला फुटवे भरपूर येतात, जुनिपर आणि मोरपंखी उघड्या लाकडावर फुटायला फार नाखूश.

मोबाइल ॲप आणि माणसं

गुगल लेन्स किंवा प्लँटनेट वापरायला काहीच हरकत नाही, पण त्यांना पूर्ण बोनसायचा फोटो देऊ नका. ॲप घाट बघतं आणि ‘बोनसाय’ सांगून मोकळं होतं. मोकळ्या फांदीचे चार फोटो द्या: ग्राफ पेपरवर पानाची वरची बाजू, मागची बाजू, उजेडात धरलेल्या शिरा, आणि पान फांदीला जुळतं ती जागा. तरीही ॲपच्या उत्तरातलं कूळ व प्रजाती (म्हणजे ‘फायकस’सारखं पहिलं नाव) विश्वासाची, जात (म्हणजे ‘मायक्रोकार्पा’सारखं दुसरं नाव) संशयाची धरा. फायकसमध्ये तर ॲप एका झाडाला तीन फोटोंत तीन नावं देताना मी पाहिलंय.

माणसाला विचारायचं असेल तर नुसतं सुटं पान नेऊ नका. चार-पाच पानांची डहाळी शेंड्यासकट कापा, वर्तमानपत्रात पसरून वजनाखाली ठेवा, कागद रोज बदला. आठवड्याभरात ती नीट वाळते. एक-दोन पानं उलटी ठेवा म्हणजे मागची बाजू दिसेल. कुठून आणलं, कधी कापलं, चीक कसा होता, कोवळी पानं कोणत्या रंगाची होती हे सोबत लिहा, कारण वाळल्यावर यातलं काही उरत नाही. जवळच्या महाविद्यालयाचा वनस्पतिशास्त्र विभाग अशी डहाळी बघून बरंच सांगू शकतो. एम्प्रेस गार्डनच्या पुष्पप्रदर्शनात बोनसायचे जाणकार भेटतात. तिथे डहाळी घेऊन गेलात तर लोक आवडीने वेळ देतात.

नवी पट्टी

ओळख पटली की जुनी पट्टी फेकू नका, मागच्या बाजूला खोचून ठेवा. विकत घेतलेलं नाव पुढे कधी लागू शकतं. नव्या पट्टीवर शिसपेन्सिलीने लिहा, मार्कर उन्हापावसात वर्षभरात उडतो. मराठी नाव, शास्त्रीय नाव, ओळख पटवल्याची तारीख, आणि कोणत्या खुणांवरून, तेही दोन शब्दांत: ‘चीक, कडं, गुळगुळीत मागची बाजू’. जातीबद्दल शंका असेल तर ‘फायकस, जात अनिश्चित’ असं लिहून ठेवायला मुळीच संकोचू नका. चुकीच्या पूर्ण नावापेक्षा ते पुढच्या माणसाला जास्त उपयोगी आहे. मोकळी सोडलेली फांदी आता हवी तर छाटा, पण तिची दोन वाळलेली पानं एका वहीत चिकटवून ठेवा. पुढच्या वेळी नर्सरीत दुसरं झाड घ्यायला जाल तेव्हा ती वही बरोबर न्या आणि पट्टी वाचण्याआधी पान उलटून बघा.